चिंचेखालची जेवणाची सुट्टी

जीपचं दार उघडायच्या आत सुमनताईंनी खिडकीतून एक दगड आत दिला आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवला.

"घ्या मॅडम. गौण खनिज सरकारचं असते म्हनता ना तुमी? मंग घ्या वापस. माह्या वावरात पडलं होतं."

चांगला नारळाएवढा काळा दगड होता. एका बाजूला ताजी चीर, सुरुंगाने फुटलेल्या दगडाला असते तशी. समोर खदानीच्या रस्त्यावर त्यांची बैलबंडी आडवी लावलेली. बैल सोडून नेलेले, म्हणजे बंडी लवकर हलवायचा विचार नव्हता. पलीकडे गिट्टी क्रशरचे दोन ट्रक उभे, आणि त्यांच्या पुढे डोक्याला मुंडासं बांधलेले धनसिंग नाईक कमरेवर हात ठेवून उभे. सगळे माझ्याकडे बघत होते. जिल्ह्याच्या खनिकर्म ऑफिसात निरीक्षक होते मी. म्हणजे पगार भांडणं ऐकण्याचाच.

गौण खनिज म्हणजे दगड, मुरूम, रेती असली रोजच्या बांधकामाची खनिजं. ती जमिनीत असेपर्यंत सरकारची. ती काढायला सरकार ठरावीक जागा ठरावीक वर्षांसाठी देतं, त्याला खाणपट्टा म्हणतात. फुलसावंगीच्या पुढे टेकडीवरचा हा खाणपट्टा तिथल्याच बंजारा तांड्याच्या मजूर संस्थेकडे होता. धनसिंग नाईक तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, आणि संस्थेचे अध्यक्षही. दगड फोडून ते खालच्या क्रशरला द्यायचे, क्रशरवाला त्याची गिट्टी, म्हणजे खडी, करायचा. टेकडीच्या पायथ्याला सुमनताईंचं वावर. त्यांचे मालक एसटीत कंडक्टर, त्यामुळे शेती सगळी बाईंच्या जिवावर. बोलणं असं की समोरच्याने आधी खाली बसून घ्यावं.

"कधी पडला?" मी विचारलं.

"परवा. दुपारी. येचनीवाल्या बाया वावरात होत्या. एकीच्या बाजूनं गेला बाप्पा! आता एकही बाई माह्या वावरात पाय ठेवाले तयार नाही. कापूस फुटून पांढरा झाला हाये, वाऱ्यानं लोंबून राह्यला. उद्या पानी आलं तर मातीत जाईन. मले काही सांगू नका. खदान बंद करा."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. कापसाचे ते वाईट दिवस होते. अळीने खाऊन उरलेला, भावाने मारूनही हाती येणारा असा जो कापूस झाडावर होता, तेवढाच वर्षाचा आधार. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात रोज कोणी ना कोणी कॅमेरे घेऊन यायचं. सगळे कापसाबद्दल विचारायचे. दगडाबद्दल कोणी विचारत नसे. कापूस पिकेना तेव्हा किती घरं दगडावर जगत होती, हे आमच्या ऑफिसालाच माहीत.

मी नाईकांकडे वळले. "नाईकजी, बार उडवताना माणसं बाजूला नेता की नाही?"

ते तडकले. "नेतो म्हंजे? कायद्यानं चालतो आपन. जेवनाच्या सुट्टीत बार उडवतो. खदानीत एक मानूस राह्यत नाही. सगळे खाली येतात."

"खाली कुठे?"

"चिंचेखाली. जेवाले."

मी टेकडीकडे पाहिलं. सुमनताईंच्या बांधावर एक मोठी चिंच. तिच्या बरोबर वर खदानीचा फेस. फेस म्हणजे दगड काढताकाढता तयार होते ती उभी भिंत. बार उडाला की दगड जायचा धोका सगळ्यात जास्त त्या भिंतीच्या समोरच्या बाजूला. आणि ती भिंत चिंचेकडे तोंड करून उभी होती.

माझा पारा चढला. "अहो नाईकजी, खदानीतली माणसं काढून तुम्ही तोफेच्या तोंडाशी बसवता?"

"चिंच सुरक्षित हाये मॅडम. पयलेपासून तिथंच जेवतो आमी."

पहिल्यापासून, हेच खरं होतं. आधी फेस टेकडीच्या मागच्या अंगाला होता, पडीक रानाकडे. तेव्हा चिंच सगळ्यात सुरक्षित जागा होती. मागचा चांगला दगड संपला, त्या वर्षी काम पुढच्या अंगाला आलं. फेस फिरला. जेवणाची जागा फिरली नाही.

दुपार झालीच होती, म्हणून मी चिंचेखाली जाऊन बसले. तिथे नाईकांची बायको झमकीबाई आधीच बसलेली. वयाने थकलेली, कानाने अधू, हातात बलोती, म्हणजे पांढऱ्या बांगड्या, समोर फडक्यात बांधलेलं गाठोडं. ती ना खदानीत कामाला, ना वेचणीला. रोज तांड्यातून नवऱ्याचं जेवण घेऊन यायची, एवढंच तिचं काम. तांड्यात भाकरीला बाटी म्हणतात. मी काही बोलायच्या आत तिने अर्धी बाटी आणि लसणाची चटणी माझ्या हातावर ठेवली.

मग मला उलगडा झाला. पुरुष वर दगड फोडतात, बायका खाली कापूस वेचतात, आणि घराचं गाठोडं एकच असतं. ते बायको आणते. सुट्टी झाली की पुरुष टेकडी उतरतो, बायको वावरातून चिंचेखाली येते, दोघं एका फडक्यावर जेवतात. खदानीच्या हिशेबाने सगळ्यात निर्धोक वेळ ती हीच. आणि नेमका त्याच वेळी अख्खा तांडा फेसच्या समोर बसलेला.

"दोन गाठोडी करा ना," मी म्हटलं. "पुरुषांनी वरच जेवावं."

शेजारी नवऱ्याचं जेवण घेऊन आलेली एक वेचणीवाली फिस्सकन हसली. "मंग लगन कायले केलं मॅडम?"

मी चटणी संपवली.

फुलसावंगीत येऊन एसटीडी बूथवरून साहेबांना फोन लावला. जिल्हा खनिकर्म अधिकारी म्हणजे माझे साहेब. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना निवृत्तीपर्यंत शांतता हवी होती.

"बंदचा आदेश काढा," ते म्हणाले. "मोकळ्या व्हा. उद्या कोणी मेलं तर तुम्ही आणि मी दोघं घरी बसू."

"संस्थेचे मजूर घरी बसतील त्याचं काय?"

"तो विषय आपल्या खात्याचा नाही."

आदेशाचा मसुदा सोपा असतो. मी तो तिथेच बाकावर बसून लिहिला. सही व्हायच्या आधी कल्पना द्यायला तांड्यात गेले, तर सेवालाल महाराजांच्या देवळासमोर एक रिकामा ट्रक उभा. बाजूला खाटेवर एक गुबगुबीत माणूस पान खात बसलेला. ऊसतोडीचा मुकादम. दिवाळी होऊन गेलेली, कारखाने सुरू झालेले, आणि हा पश्चिमेकडे माणसं न्यायला आलेला.

"काय नाईकजी, जायचा विचार आहे का?"

नाईक हळू आवाजात म्हणाले, "खदान चालू राह्यली तर नाही. बंद झाली तर काय करतो? कोयते बांधाले लागन."

ऊसतोडीत एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते. एकटा पुरुष मुकादम घेतच नाही. घराला कुलूप लावून, लेकरं-म्हातारे जमेल तसे मागे ठेवून किंवा बरोबर घेऊन जोडी निघते, ती उन्हाळ्यातच परत येते.

मी मसुदा पर्समध्येच ठेवला आणि परत सुमनताईंच्या घरी गेले. ओसरीवर बुद्धाच्या तसबिरीखाली त्या सुपात तूर पाखडत बसल्या होत्या.

"जयभीम मॅडम. केली का बंद?"

"करते. पण मला एक सांगा, तुमच्याकडे वेचणीला येणाऱ्या बायका कुठल्या?"

"तांड्यातल्या. दुसऱ्या कुठून येनार? गावातल्या बाया आपापल्या वावरात."

"खदान बंद झाली की त्यांचे नवरे ऊस तोडायला जातील. ट्रक उभा आहे दारात. आणि कोयत्यात बायको लागते."

सूप थांबलं. मग ते खाली आपटून सुमनताई म्हणाल्या, "अन् मंग माहा कापूस कोन येचन? तुमचा सायेब?"

मला हसू आलं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी हसले नाही. बाई दोन्ही बाजूंनी अडकली होती. खदान चालू तर दगडाची भीती, बंद तर वेचायला माणूस नाही. दोन्हीकडून कापूस झाडावरच राहणार.

"चला माझ्याबरोबर," मी म्हटलं. "नाईकाच्या ओट्यावर बसू."

"मी कायले त्याच्या दारात जाऊ?"

"कारण तुमचा कापूस आणि त्याची खदान एकाच गाठोड्यात बांधलेली आहे, म्हणून."

आल्या. पण दगड बरोबर घेऊन आल्या, माझ्या जीपमधून काढून. नाईकांच्या ओट्यावर सगळ्यांच्या मधोमध ठेवला आणि त्याच्या शेजारी बसल्या. क्रशरवाले राजाभाऊ आले. पुसदचे रहीमचाचा आले. चाचा म्हणजे आमचे ब्लास्टर. सुरुंग लावायला सरकारी परवाना लागतो, आणि त्या भागातल्या सगळ्या लहान खदानींसाठी परवानावाला हा एकच माणूस. त्यामुळे रुबाब कलेक्टरचा. मागे भिंतीशी तांड्यातल्या बायका पदर तोंडावर घेऊन बसल्या. मुकादमही आला, आपली माणसं जाणार की राहणार ते बघायला.

पहिला अर्धा वेळ नुसती तू-तू मैं-मैं.

"मेरा बार सीधा जाता है," चाचा छाती ठोकून म्हणाले. "ऐसा पत्थर कब्बी नहीं उडा."

"मंग हा काय आभाळातून पडला?" सुमनताईंनी दगडावर हात आपटला.

मी चाचांना विचारलं, "भोकाचं तोंड कशाने बंद करता?" दगडात लांब भोक पाडून तळाशी दारू भरतात. वरचं तोंड चिकणमातीने घट्ट ठासावं लागतं, म्हणजे जोर दगडाच्या आत राहतो. नाहीतर तो वरून निसटतो आणि दगड उडवतो.

चाचा जरा खाली आले. "मिट्टी कौन लाता ऊपर? इनके लोग नहीं लाते. तो बोर का चूरा भर देते."

"मातीचे पैसे कोन देते?" नाईक म्हणाले.

"अवं, माह्या नाल्यात चिकनमाती पडली हाये ढीगभर!" सुमनताई ओरडल्या. "न्या ना फुकट! माह्याच डोक्यावर दगड नको म्हनून माहीच माती न्या. इचाराले तोंड नोयतं का?"

सगळे हसले. मुकादम तेवढा हसला नाही.

माती ठरली. सगळी भोकं एकदम न उडवता थोड्या थोड्या अंतराने एकामागून एक उडवायची, तेही ठरलं. पण बारच्या वेळेवर गाडी अडली. सकाळी बार उडवला तर तेवढा वेळ क्रशरला दगड मिळणार नाही, असं राजाभाऊ. संध्याकाळी चाचा दुसऱ्या खदानीवर. दुपारी तर चिंचेचा प्रश्न. आणि वावरात तर दिवसभर बायका.

"बाया वावरात नसतात असा एखादा दिवस सांगा!" मी वैतागून म्हटलं.

मागच्या बायकांतून कोणीतरी पदराआडून बोललं, "बाजाराच्या दिवशी कोन येचते?"

खरंच की. आठवडी बाजाराच्या दिवशी या भागात वेचणी होत नाही. मजुरी हाती आलेली असते, बायका सकाळीच नटूनथटून बाजाराला निघतात. वावरात चिटपाखरू नसतं.

"आठवड्याचा दगड एकाच दिवशी पाडला तर पुरेल?" मी राजाभाऊंना विचारलं.

त्यांनी डोकं खाजवलं. "साठवाले जागा करतो. पुरन."

सगळं जुळलं म्हणेपर्यंत चाचा उभे राहिले. "उस दिन मैं नहीं आता. बाजार में हमारा चूडी का दुकान रहता." मी आधी ऐकलं होतं, ते खरं होतं. हा सुरुंग लावणारा माणूस बाजाराच्या दिवशी बायकोबरोबर बसून बांगड्या भरायचा.

आता मात्र बायका पदर सोडून बोलल्या. "सकाऊन बार, मंग बाजार, चाचा. आमी आल्याबिगर तुमच्या बांगड्या कोन घेते?"

चाचा खाली बसले.

शेवटचा मुद्दा झेंड्याचा. वावर रिकामं झालं, आता उडवा, हे कोणी सांगायचं? नाईकांचं म्हणणं, खदानीवरचा चौकीदार वरून बघून झेंडा दाखवेल, आजवर तसंच होतं. सुमनताई म्हणाल्या, "दगड माह्या वावरात पडते, तर झेंडा माह्या हातात पाह्यजे. मी बांधावरून दाखवीन. तवाच उडवायचं."

"खदान संस्थेची हाये!" नाईक गुरगुरले. "बाईच्या इशाऱ्यावर चालन का?"

नियमात जागा रिकामी असल्याची खात्री करायची जबाबदारी ब्लास्टरची. त्याने आणखी कोणाला विचारू नये असं नियमात कुठे नाही. मी चाचांकडे बघितलं. ते म्हणाले, "भाभी का झंडा देखे बगैर मैं हाथ नहीं लगाऊंगा. लायसन मेरा है."

नाईकांनी मान फिरवली, पण नाही म्हणाले नाहीत. मुकादमाला म्हणाले, "बाजारापर्यंत थांब. एक बार पाहू. नाही जमलं तर सगळे कोयते तुझे."

ऑफिसात साहेबांनी माझा नवा मसुदा वाचून चष्मा काढला. "आठवडी बाजाराच्या दिवशी? आदेशात वार लिहितात बाई, बाजार लिहितात का कुठे?"

"साहेब, वार लिहिला आणि सणामुळे बाजार पुढे-मागे झाला, तर बायका वावरात असतील आणि आपला आदेश म्हणेल उडवा."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "या हंगामापुरतं. तुमच्या जबाबदारीवर." सही केली.

बाजाराच्या सकाळी मी वर खदानीवर होते. खालून रस्त्याने बायकांची रांग जात होती, घागरे, ओढण्या, आरसे उन्हात चमकणारे. त्यांचे पुरुषही बरोबर. वावर पांढरंशुभ्र आणि रिकामं. बांधाच्या टोकाला सुमनताई, हातात पोपटी लुगड्याचा तुकडा काठीला बांधलेला. चाचांनी वायरी जोडल्या, सुरुंग उडवायच्या मशीनची किल्ली हातात घेतली. आम्ही आडोशाला गेलो. चौकीदाराने चारी बाजूंना पाहून सांगितलं, "साफ हाये."

सुमनताई झेंडा वर करेनात.

आम्ही थांबलो. नाईकांनी हाक मारली, "ओ ताई! दाखवा ना!" त्या हलल्या नाहीत. चिंचेकडे बघत उभ्या.

"बाईच्या हातात झेंडा काय देल्ला, पाटलीन झाली!" नाईक चिडले. "चाचा, उडवा हो. दिसून राह्यलं ना सगळं. कोनी नाही."

खरं सांगते, मलाही राग आला. वाटलं, बाई मुद्दाम नाक घासायला लावते आहे. वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. चाचांनी मात्र किल्ली खिशात टाकली आणि बिडी काढली, मग आठवलं कुठे बसलोय, आणि ती परत ठेवली.

तेवढ्यात सुमनताईंनी झेंडा खाली टाकला आणि धावत चिंचेखाली गेल्या. झाडाच्या घेराआड दिसेनाशा झाल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हाताला धरून दुसरी एक बाई होती. हळूहळू चालणारी. डोक्यावर गाठोडं.

झमकीबाई.

ती वेचणीवाली नव्हती, म्हणून बाजाराच्या दिवशी बार आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बैठकीला मागे बसली असेलही, पण कान कुठे होते तिला? रोज सकाळीच नवऱ्याचं जेवण घेऊन हळूहळू निघायचं आणि चिंचेखाली बसायचं, तशी ती बसली होती.

नाईक होते तिथेच दगडावर बसले आणि दोन्ही हातांनी मुंडासं काढलं. चौकीदार रडवेला होऊन म्हणत होता, "वरून नाही दिसत हो, झाडच दिसते."

सुमनताईंनी झमकीबाईला बांधाने पार पलीकडे, रस्त्यापर्यंत नेलं. परत येऊन चिंचेखाली वाकून पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. मग बांधाच्या टोकाला परत जाऊन झेंडा उचलला आणि वर केला.

बार उडाला. आवाज दबका आला. दगड जागच्या जागी खचला. वावरात धुळीशिवाय काही गेलं नाही.

नाईक टेकडी उतरले ते धडपडतच. बायकोसमोर जाऊन ओरडले, "काहून आली तू? काहून?" तिला ऐकू गेलं नसेल, पण तोंडावरून समजलं असावं. गाठोडं पुढे करून म्हणाली, "जेवला नाहीस ना."

रस्त्याच्या कडेलाच फडकं सोडलं. नाईकांनी बाटी मोडली, आणि पहिला तुकडा चटणी लावून सुमनताईंच्या हातावर ठेवला. सुमनताईंनी बसकण मारली आणि खाल्ला. "तिखट लय हाये," म्हणाल्या. मलाही मिळाला. खरंच तिखट होता, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते चटणीचंच असं मी सगळ्यांना भासवलं.

मुकादमाचा ट्रक त्या संध्याकाळी गेला. तीन-चार घरं गेली, ती आधीच उचल घेतलेली. बाकी तांडा राहिला. सुमनताईंचा कापूस वेचून झाला. भाव त्या वर्षीही पडलेलाच होता, त्याचा बंदोबस्त माझ्या हातात नव्हता. हंगामापुरता काढलेला आदेश पुढे कोणी मागे घेतला नाही. झेंडा सुमनताईंकडेच राहिला, आणि कोणी तो दुसऱ्याला द्या म्हटलं की नाईकच अंगावर जात.

तो दगड मी ऑफिसात आणून टेबलावर ठेवला होता. साहेबांनी एकदा विचारलं, कशाचं सॅम्पल आहे? मी म्हटलं, सरकारी आहे. रिटायर होताना तिथेच ठेवून आले.

नवीन निरीक्षक आले की मी त्यांना एकच गोष्ट सांगायची. नकाशा बघा, मोजणी करा, नियम वाचा. पण खदान तपासायची असेल तर आधी खाली जा, आणि जेवणाच्या सुट्टीत जा.